आधी उभं झाड, मग रोप

जून उजाडला की आमच्या ठाण्यात झाडं लावायची घाई सुरू होते. रोपांचा टेम्पो येतो, मुलं खड्डे खणतात, सगळे चिखलात उभे राहून फोटो काढतात. पुढच्या मे महिन्यात त्यातल्या बऱ्याच खड्ड्यांत सुकलेली काडी उरलेली असते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण राबणाऱ्यांची इच्छा खरी असते. फक्त झाडाचा जीव कुठे असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

माझे मामा शहापूरकडे वनरक्षक होते. सुट्टीत त्यांच्या मागून बीटात, म्हणजे त्यांनी राखायच्या जंगलाच्या तुकड्यात, हिंडताना जे कळलं, आणि नंतर ठाण्या-नवी मुंबईच्या रस्त्यांवर, टेकड्यांवर, खाडीकाठी स्वतः पाहून जे पक्कं झालं, ते इथे पायरीपायरीने लिहितोय. यात रोप लावणं शेवटी येतं. आधीच्या पायऱ्यांना साधारण वर्ष जातं आणि ते द्यावं असं माझं मत आहे.

पायरी १ : एक झाड धरा

रोजच्या वाटेवरचं एकच झाड निवडा. तलावपाळीवरचा पिंपळ चालेल, वाशीच्या सेक्टरातला पर्जन्यवृक्ष चालेल, शाळेसमोरचा बहावाही चालेल. देशी की परदेशी हा विचार आत्ता नको. शक्यतो पानझडी असावं, म्हणजे वर्षभरात त्याचे सगळे रंग दिसतात. सामान म्हणाल तर शिंप्याची टेप, एक वही आणि जमलं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग.

पहिल्या दिवशी घेर मोजा. वनखात्यात घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घेतात. याला छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून उंची धरा. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी मोजा. काटेसावरीसारख्या झाडाला बुंध्याशी फळ्यांसारखे आधार फुटलेले असतात, तिथे ते संपतात त्याच्या वर टेप लावा. टेप आडवी आणि सालीला टेकलेली हवी, आवळलेली नको.

उंचीसाठी एक सरळ काठी पुरते. हात लांब करून काठी उभी धरा. मुठीच्या वरचा तिचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा ठेवा. मग मागे सरकत जा. मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. सपाट जागेवर तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची.

तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा मोजा.

पायरी २ : सालीच्या आत काय आहे ते समजून घ्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हाताला लागते ती खरखरीत साल मेलेली असते. ऊन, किडा, आग यांपासून ती झाडाला वाचवते. तिच्या आत ओलसर, मऊ अंतरसाल असते. पानांत तयार झालेली साखर या अंतरसालीतल्या रसवाहिन्यांतून खाली मुळांपर्यंत जाते. अंतरसालीच्याही आत एक अगदी पातळ, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारा थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. झाड जाड होतं ते या थरामुळे. तो आतल्या अंगाला नवं लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या अंगाला नवी अंतरसाल. नव्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून पाणी वर चढतं. त्याला ढकलणारा पंप कुठेही नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने खालचं पाणी वर खेचलं जातं.

लाकूड जुनं झालं की पाणी नेणं थांबवतं आणि गाभा बनतो. सुतार ज्याला पक्कं लाकूड म्हणतात ते हेच. गाभ्यातल्या पेशी मेलेल्या असतात, म्हणून आतून पोकळ झालेला वड वर्षानुवर्षं हिरवागार राहू शकतो. सागाच्या गाभ्यात कुजू न देणारी द्रव्यं साठतात. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगतं आहे.

म्हणजे भलंमोठं झाड खरं जगतं ते सालीखालच्या बोटभरही नसलेल्या जाडीत. हे माहीत नसल्यामुळे काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या जुन्या इमारतीमागे एक बहावा होता. कुणीतरी कपडे वाळत घालायला त्याला तार गुंडाळली होती. मीही त्या तारेवर टॉवेल टाकायचो. चार-पाच वर्षांत तार सालीत रुतली आणि तिच्या वरच्या बाजूला खोड फुगून कडं तयार झालं. एका मे महिन्यात तो असा फुलला की पानच दिसेना. सगळे खूश, मीही खूश. पुढच्या मे महिन्यात फूल नाही आणि पानही नाही. नंतर मामांनी समजावलं. वरून येणारी साखर तारेशी अडत होती, म्हणून वर फुगवटा आणि वर तो फुलोरा. पाणी आतल्या लाकडातून चढत राहिलं, त्यामुळे झाड हिरवं दिसत होतं. खाली मुळं मात्र उपाशी मरत होती.

तेव्हा तुमच्या झाडाला तार, दिव्यांची माळ, केबल, लोखंडी जाळीचं आवळलेलं कडं काही आहे का ते बघा. असेल तर सोसायटीशी किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोलून सोडवून घ्या. तार खोल रुतली असेल तर ओढू नका, निघताना ती साल घेऊन निघेल. जिथे सैल आहे तिथे तुकडे करून काढायला सांगा. जाहिरातीची पाटी ठोकलेला खिळाही बघून ठेवा. पाच फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही पाच फुटांवरच असतो, कारण झाड उंच होतं ते शेंड्याच्या आणि फांद्यांच्या टोकांकडून.

मार्चमध्ये निष्पर्ण झाड जिवंत आहे की मेलंय असा प्रश्न पडला तर पेन्सिलीएवढ्या डहाळीवर नखाने बारीक ओरखडा काढा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. एकाच डहाळीवरून ठरवू नका, दोन-तीन ठिकाणी बघा.

पावसाळ्यात एखादं झाड पडलं आणि कापलेला ओंडका दिसला तर थांबून बघा. सागात वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, कारण पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या लाकडात मोठी छिद्रं तयार होतात आणि नंतर बारीक. आंब्यात अशी वलयं धड मोजता येत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक झाडांचं वय नुसत्या वलयांवरून सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

पायरी ३ : मुळं खाली कमी, बाजूला जास्त

चित्रांत झाडाची मुळं फांद्यांसारखीच खोल गेलेली काढतात. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि पसरतात मात्र फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. त्यांच्याशी बुरशीचे धागे जोडलेले असतात. ते मातीतलं फॉस्फरससारखं अन्न झाडाला पोहोचवतात आणि बदल्यात साखर घेतात.

आता रस्त्यावर चला. पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकलेत का? काँक्रीट ओतलंय का? सुशोभीकरण म्हणून बुंध्याभोवती कट्टा बांधून आत फूटभर माती चढवलीय का? तिन्ही ठिकाणी मुळं गुदमरतात. बुंध्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी असावी, मोठ्या झाडाला याहून जास्त.

आणि मे महिन्यातले चर. रस्त्याकडेला केबल किंवा पाइप टाकायला बुंध्यालगत चर खणतात, आधार देणारी जाड मुळं एका बाजूने तुटतात, चर बुजतो, वर डांबर पडतं. जुलैत माती भिजून मऊ होते, झाड पानांनी भरलेलं असतं, वारा त्या पानांत शिडासारखा भरतो आणि झाड आडवं होतं. बातमीत पाऊस आणि वारा एवढंच येतं. तुमच्या झाडाजवळ चर खणताना दिसला तर त्याच दिवशी फोटो आणि तारीख ठेवून उद्यान विभागाला कळवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याने झाडं वाचतात.

पायरी ४ : पानांचं वेळापत्रक लिहा

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात. पानगळ कधी सुरू झाली, कळ्या कधी, फूल कधी, नवं पान कोणत्या रंगाचं, फळ कधी पिकलं, कोण खायला आलं. जानेवारी ते मार्च काटेसावर, पळस आणि पांगारा पान नसताना फुलतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि परागीभवन करून जातात. पान आड येत नाही. मार्चमध्ये कुसुमाची पालवी लालभडक दिसते. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे, आंबा राज्यवृक्ष. साग मात्र उलटा. तो पावसात फुलतो.

पाऊस यायला दोन महिने असताना, ऐन उन्हाळ्यात पालवी फुटते हे बघून नवखे चक्रावतात. झाड आधी साठवलेल्या साखरेवर आणि खोडातल्या, खोल मातीतल्या ओलाव्यावर ती पानं काढतं. पावसाबरोबर किड्या-अळ्यांची झुंबड उडते. तोवर पान निबर झालेलं असलं तर ते वाचतं, असं एक कारण अभ्यासक देतात.

पायरी ५ : येऊरला जाऊन झाडं हातांनी ओळखा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आहे आणि त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. वनखात्याच्या चौकीवर नोंद करा, ठरलेल्या वेळेत आणि वाटेवरच राहा. तिथे बिबटे आहेत, आणि पाड्यांत माणसं राहतात. त्यांच्या अंगणातून फोटो काढत जाऊ नका. झाडं शिकायची असतील तर पाड्यावरच्या वारली माणसांएवढे चांगले शिक्षक मिळणार नाहीत. रीतसर विचारा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

हे जंगल बहुतांशी पानझडी आहे. पहिल्या फेरीत पाचच झाडं शिका. साग: पान मोठं, खरखरीत, पडलेलं कोवळं पान बोटांत चोळलं की लाल रंग सुटतो. ऐन: साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची, पानाच्या मागे देठाजवळ बहुधा दोन गाठी. पळस: तीन पर्णिका, हे सगळ्यांना माहीत असतं. कांडोळ: खडकाळ उतारावर पांढरट खोड, चांदण्यात चमकतं म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. त्याच्या कागदी सालीखाली हिरवा थर असतो आणि पान नसतानाही तो थोडं अन्न बनवतो. बिवळा: जखमेतून रक्तासारखा लाल डिंक येतो. तो बघायला स्वतः जखम करायची नाही, जुनी खूण सापडतेच.

फूल नसताना ओळखता आलं तरच झाड ओळखता आलं म्हणा. साल, डहाळी, पानांची मांडणी आणि खाली पडलेलं फळ यांवर भर द्या. मोबाइलच्या ॲपने सुचवलेलं नाव वहीत प्रश्नचिन्ह घालून लिहा.

पायरी ६ : दहा बाय दहा मीटरचं जंगल मोजा

इथून वनशास्त्र सुरू होतं. एक झाड समजणं वेगळं आणि झाडांची वस्ती समजणं वेगळं. राष्ट्रीय उद्यानात दोऱ्या बांधून हे करता येणार नाही. मुरबाड-शहापूरकडे कुणा ओळखीच्याची मालकीची झाडी असेल किंवा कॉलेजच्या आवारात जुनी झाडी असेल, तर विचारून तिथे करा.

दोरीने दहा मीटरचा चौकोन आखा. आतलं ३० सेंटिमीटरहून जास्त घेराचं प्रत्येक झाड मोजा, नाव लिहा. मग १० ते ३० सेंटिमीटर घेराची पोरवयाची झाडं मोजा. मग रोपं, अगदी वीतभर उंचीची. शंभर चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, त्यामुळे आकड्यांवर दोन शून्यं चढवली की हेक्टरी अंदाज मिळतो. असे पाच-सहा चौकोन करून सरासरी काढा, एकावर विसंबू नका.

आता आकडे वाचा. रोपं भरपूर, पोरवयाची कमी, मोठी झाडं त्याहून कमी, असा उतार असेल तर जंगल स्वतःला पुढे नेतंय. मोठी झाडं आहेत, रोपंही आहेत, पण मधली पिढीच गायब असेल तर रोपं दरवर्षी मरताहेत. कारण शोधा: वणवा, चराई, सरपणासाठी तोड, की दाट गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) सावली? अशा ठिकाणी नवी झाडं आणून लावण्यापेक्षा आहेत ती रोपं जपणं स्वस्त आणि खात्रीचं. वणवा रोखायला पावसाळा संपल्यावर जाळरेषा काढा, म्हणजे गवत-पाचोळा साफ केलेला पट्टा; आणि गुरं दोन-तीन वर्षं बाहेर ठेवा. मामांच्या बीटात एक कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग, असाच राखला होता. सागाचे, ऐनाचे तोडलेले बुंधे जमिनीखालून पुन्हा फुटले. एका बुंध्याला आठ-दहा फुटवे आले, त्यांतला एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले.

प्रत्येक झाडाची उजेडाची भूक वेगळी असते हेही इथेच कळतं. सागाला डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. सावलीत त्याचं रोप खंगतं. म्हणून सागाचं रोपवन दोन बाय दोन मीटरवर, म्हणजे हेक्टरी २,५०० रोपांचं लावतात आणि पुढे टप्प्याटप्प्याने विरळणी करतात, म्हणजे मधली झाडं काढतात. दाटीत वाढल्याने खोड सरळ होतं, विरळणीने जाड. अशा रोपवनाला मी जंगल म्हणत नाही. एकाच वयाचं, एकाच जातीचं ते पीक आहे. त्याला त्याची जागा आहे.

लाकडाच्या मापाची जुनी रीतही शिकून ठेवा: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मधला घेर १.२ मीटर आणि लांबी ५ मीटर असेल तर ०.३ चा वर्ग ०.०९, गुणिले ५ म्हणजे ०.४५ घनमीटर. गोल ओंडक्याचं खरं घनफळ ०.५७ च्या आसपास येतं. कापताना जाणारी घट या रीतीत जवळपास धरलेलीच आहे.

पायरी ७ : खाडीची झाडं बघा

ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवराची मुळं ओहोटीला बघा. खाडीच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. त्यांवर राडारोडा पडला की झाड कुऱ्हाड न लागता मरतं. तिवराच्या पानावर मीठ साचतं, बोटाने चाखून बघा. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. खाडीकाठच्या अशा झाडांच्या जंगलाला कांदळवन म्हणतात. त्यातली पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवनांच्या तोडीला आणि भरावाला बंदी आहे. भराव दिसला तर तहसील कचेरी, पोलीस किंवा वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा.

पायरी ८ : छाटणीची रीत

शहरातलं झाड तोडायला आणि छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला.

परवानगी मिळाल्यावर छाटणारा काय करतोय ते उभं राहून बघा. जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूटभर लांब, खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडते आणि साल खोडापर्यंत फाटत नाही. तिसरा काप फांदीच्या मुळाशी जो जाडसर गळा असतो त्याच्या लगेच बाहेर. गळा कापला तर जखम बंद व्हायला फार काळ लागतो. खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत जाते. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालतं आणि वरून नवं लाकूड चढवत ती झाकून टाकतं. डांबर किंवा रंग फासून त्यात मदत होत नाही.

पायरी ९ : आता रोप

वर्ष झालं असेल तर आता जागा निवडा आणि तिथे जात कोणती तगेल ते ठरवा. अरुंद रस्त्याला बहावा किंवा ताम्हण. नवी मुंबईच्या भरावाच्या, खारट वाऱ्याच्या जागी करंज, भेंड, उंडी. टेकडीवर आजूबाजूला आपोआप जे उगवतंय तेच. भिंतीलगत वड-पिंपळ नको.

खड्डा मे महिन्यात खणा, दीड फूट लांब, रुंद, खोल. वरची माती वेगळी ठेवा, ती आधी आत जाईल. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लावा. जुलै संपायच्या आत उरका, म्हणजे मुळांना पावसाचे पूर्ण दोन महिने मिळतात. रोप उंच बघून घेऊ नका. पिशवीत फार काळ राहिलेल्या उंच रोपाची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतात आणि पुढे तीच त्याचा गळा आवळतात. पिशवी पूर्ण कापून काढा, गुंडाळलेली मुळं सोडवा, न सुटणारी कापा. खोड जिथून मुळांत बदलतं ती जागा जमिनीच्या पातळीला यावी, मातीखाली जाऊ नये. भोवती पाचोळा अंथरा, खोडाला मात्र टेकवू नका.

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबरपासून पुढे रोप कोरड्यात असतं. म्हणून लावतानाच ठरवा की पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. आठवड्यातून दोनदा, बादलीभर, हळूहळू मुरेल असं. पहिल्या वर्षी दोन-तीनदा बेणणी करा, गवत रोपाचं पाणी आणि उजेड दोन्ही खातं. एका माणसाला पाच रोपं झेपत असतील तर पाचच लावा.

आधाराची काठी मुळांपासून थोडी लांब रोवा आणि सुतळी इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधा, रोप वाऱ्यात थोडं हललं पाहिजे. हलण्यानेच खोड बळकट होतं. नायलॉनची दोरी किंवा तार वापरू नका. दर दोन महिन्यांनी गाठ बोटाने चाचपून बघा, बोट आत शिरत नसेल तर सोडून पुन्हा सैल बांधा. दुसरा पावसाळा सरला की सुतळी कापून काठी उपटून घ्या.